कळपाच्या राखणदाराची पैदास

मेंढरांच्या कळपाबरोबर चालणाऱ्या कुत्र्याची पैदास धाराशिव जिल्ह्यात सहसा कोणी ठरवून करत नाही; ती आपोआप होते. बिऱ्हाडातली कुत्री माजावर येते, आसपासच्या वस्त्यांवरचे कुत्रे गोळा होतात, दोन महिन्यांनी पिल्ले होतात, त्यांतली एकदोन ठेवली जातात आणि उरलेली वाटेवरच्या एखाद्या गावात मागे राहतात. याच जिल्ह्यात शेळीच्या बाबतीत मात्र असा कारभार चालत नाही. जिल्ह्याचे जुने नाव देशभर पोहोचवणारी उस्मानाबादी शेळी कमी चाऱ्यावर तग धरते आणि बरेचदा जुळी करडे देते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे. पैदाशीचा बोकड ठेवताना तो जुळ्यातला आहे का, त्याची आई दुधाला कशी होती, हे पाहिले जाते. स्वतःच्याच लेकींवर तो जाऊ नये म्हणून ठरावीक काळाने बदलला जातो. तुळजापूर तालुक्यातल्या तीर्थ येथे मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्रही आहे. निवडीची ही समज घरात असताना कळपाच्या राखणदाराची निवड तेवढी नशिबावर सोडली जाते, आणि त्याची किंमत कुत्रा, मेंढरू आणि माणूस असे तिघेही मोजतात.

पैदास कशासाठी करायची हे आधी ठरले पाहिजे, आणि त्यासाठी या कुत्र्याचे काम नीट समजून घ्यावे लागते. जगात मेंढरांचे कुत्रे मुख्यतः दोन प्रकारचे. एक प्रकार मेंढरे वळवणारा. इंग्लंड–स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली हा त्याचा नमुना. तो दबा धरून, नजर रोखून कळपाला हवे तिकडे नेतो. शिकारी प्राण्याचीच ही चाल आहे. फक्त चावा घेण्याची शेवटची पायरी निवडीने दाबून टाकलेली असते. १८९३ साली नॉर्दम्बरलंडमध्ये अॅडम टेल्फर या मेंढपाळाकडे जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. त्याला इतकी मागणी आली ती शांतपणे काम करण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे. १९०६ साली मेंढपाळी कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिची वंशावळ रूपापेक्षा कामाच्या कसोटीला धरून वाढत गेली.

दुसरा प्रकार राखणीचा. धनगराचा कुत्रा या प्रकारात मोडतो. बालाघाटाच्या माळांवर कळप हाकतो तो मेंढपाळ, आपल्या हाळीने आणि काठीने; कुत्र्याची खरी वेळ सुरू होते दिवस मावळल्यावर. शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली जातात. भोवती जाळी लावली जाते, कोकरे वेगळी कोंडली जातात, बिऱ्हाडातली माणसे दिवसभराच्या चालीने थकून आडवी होतात. कुत्रे मात्र वाड्याच्या कडेला, वाऱ्याकडे तोंड करून पडलेले असतात. लांडगा वाऱ्याच्या उलट बाजूने येतो. पहिला कुत्रा उठून गुरगुरतो, दुसरा भुंकत पुढे होतो, तिसरा कळप सोडत नाही. चांगल्या कुत्र्यांच्या जोरावर बहुतेक रात्री झुंजीशिवाय निभावतात, कारण अचानक गाठण्याची संधी हुकली की लांडगा परत फिरतो. ही गोष्ट लांडग्याच्याही हिताची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी सोलापूर–धाराशिवच्या गवताळ माळांवर अजून टिकून आहे. राखण चोख असली की त्याच्यासाठी विष ठेवण्याची किंवा बीळ कोंडण्याची वेळ येत नाही. बिबट्यापुढे मात्र एकट्या कुत्र्याचा निभाव लागत नाही. २०२४च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ थेट येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरात पोहोचला, तेव्हा राखण म्हणजे इशारा, झुंज नव्हे, हे पुन्हा दिसून आले.

अशा कुत्र्यात हवे ते गुण म्हणजे कळपाजवळ राहण्याची ओढ, कोकरावर दात न लावणारा स्वभाव, अनोळखी हालचालीवर सावधपणा, घरच्या माणसांशी मवाळपणा आणि उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालण्याचे पाय. दक्षिण मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नावाजलेले कारवानी आणि रेशमी केसांचे पश्मी, तसेच सीमेपलीकडचे बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे वेगाचे कुत्रे आहेत. नजरेने सावज हेरून धावणे हा त्यांचा पिंड. पळणाऱ्या वस्तूमागे झेपावणारे हे रक्त राखणीच्या कुत्र्यात अविचाराने मिसळले, तर बिथरून पळणाऱ्या कोकरामागेच कुत्रा धावू शकतो. शिवाय सशाहरणाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. त्या हौसेसाठी पैदास करण्याला आज काही आधार उरलेला नाही. मुधोळकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने या जातीसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. आईबापांची नोंद असलेली पिल्ले तिथून दिली जातात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या जातीची नोंदणीही झाली आहे. हिमाचलमधल्या गद्दी मेंढपाळांच्या राखणदार कुत्र्यालाही आता अशीच ओळख मिळाली आहे. धनगरी कुत्र्याच्या वाट्याला हे अजून आलेले नाही. जिल्ह्यातल्या अणदूर–नळदुर्गचा खंडोबा धनगरांचे मोठे दैवत आहे, त्याच्यासोबत कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःला देवाचे कुत्रे, वाघ्या, म्हणवून घेतात. ज्या समाजाच्या श्रद्धेत कुत्र्याला हे स्थान आहे, तिथे त्याच्या वंशाची साधी वही नसावी, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

आईबाप निवडताना पहिली अट कामाची. दोन ऋतू कळपाबरोबर काढलेल्या, रात्री जागा न सोडणाऱ्या, कोकरांत मोकळेपणाने वावरणाऱ्या जनावरांकडूनच पिल्ले घ्यावीत. वर्षाच्या आतल्या कुत्र्याचा स्वभाव पुरता उघड झालेला नसतो. दुसरी अट अंगलोटाची. सरळ पाय, घट्ट पंजे, नीट बसणारा जबडा, स्वच्छ डोळे, मध्यम बांधा. फार अवजड कुत्रा मराठवाड्याच्या मे महिन्यात धापा टाकत सावली धरतो. तिसरी अट स्वभावाची, आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. जो कुत्रा माणसांवर, पोरासोरांवर धावून जातो त्याला ‘कडक’ म्हणून मान मिळतो, त्याच्याकडूनच पिल्ले धरली जातात. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो भित्रा असतो, आणि भीतीतून येणारा हा चावरेपणा काही प्रमाणात पिल्लांत उतरतो. वाटेवरच्या गावांतून कळप नेताना असे कुत्रे बिऱ्हाडाला भांडणेच मिळवून देतात.

नात्यातली पैदास हा या कुत्र्यांचा छुपा रोग आहे. एका बिऱ्हाडात एक आवडता नर असतो, पुढच्या पिढीत त्याच्या लेकी त्याच्याच सोबत वाढतात आणि दोन-तीन वेतांत बाप, भाऊ, बहीण असा गुंता होतो. प्रत्येक जनावराच्या रक्तात काही दोष दडलेले असतात. ते आईकडून आणि बापाकडून असे दोन्हीकडून आले की उघड होतात, आणि एकाच घरातल्या आईबापांत ते जुळण्याची शक्यता वाढते. परिणाम एकदम दिसत नाही. वेत लहान होते, पिल्ले पहिल्याच आठवड्यात दगावतात, जगलेली लवकर आजारी पडतात, नर फळत नाहीत. मेंढपाळ त्याला नशीब म्हणतो. उपाय बोकडासारखाच: दुसऱ्या तालुक्यातल्या, चांगल्या कळपावर सिद्ध झालेल्या, नात्यात नसलेल्या नराशी जोडी लावणे. त्यासाठी निदान तीन पिढ्यांची नोंद असावी. वहीत कुत्रीचे नाव, खूण, कोणत्या नराशी जोडली, किती पिल्ले, किती जगली आणि ती कुठे गेली, एवढे लिहिले तरी पुरे.

विदेशी जातींचे वेड असलेल्यांसाठी काही धोके वेगळे सांगायला हवेत. जर्मन शेफर्डसारख्या जातींत खुब्याच्या सांध्याचा वंशागत दोष आढळतो. जनावर लहानपणी धडधाकट दिसते आणि पुढे मागच्या पायांनी लंगडते. म्हणून पैदाशीपूर्वी, दोन वर्षांच्या वयानंतर, खुब्याचा एक्स-रे पाहावा लागतो. दुसरा धोका मेंढपाळाच्या पिशवीतच असतो. मेंढ्यांना जंत आणि खरजेसाठी टोचले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कॉली वंशाच्या अनेक कुत्र्यांना सोसत नाही. एका जनुकातल्या बदलामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि कुत्रा लुळा पडतो, बेशुद्ध होतो, मरतोही. मेंढीचे औषध अंदाजाने कुत्र्याला देण्याची सवय तशी कोणत्याही कुत्र्यासाठी वाईट आहे. कॉलीच्या संकरासाठी ती जीवघेणी ठरते. अंगावर संगमरवरी ठिपक्यांचा रंग असलेल्या दोन कॉली जनावरांची जोडी लावली, तर काही पिल्ले बहिरी किंवा आंधळी निघतात. केवळ रंगाच्या आवडीपायी केलेली पैदास किती महाग पडते, याचे हे स्पष्ट उदाहरण.

कुत्री साधारणतः सहा ते आठ महिन्यांनी माजावर येते. पहिल्या माजावर तिला लावू नये. तिची स्वतःची वाढ तेव्हा पुरी झालेली नसते. २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या कुत्रापैदास नियमांनीही दीड वर्षाखालच्या आणि आठ वर्षांवरच्या मादीकडून पिल्ले घेण्यास मनाई केली आहे, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घेऊ नयेत असे बंधन घातले आहे. जोडीपूर्वी पशुवैद्याकडून दोघांचीही तपासणी करावी. मोकाट कुत्र्यांच्या संबंधातून पसरणारी जननेंद्रियांवरची गाठ भारतात खूप आढळते. रक्ताळ स्राव हे तिचे लक्षण, आणि वेळेवर औषध दिले तर ती बरी होते. गर्भपात घडवणारा ब्रुसेला, गोचिडांतून येणारे ताप, लूत, जंत यांचाही निकाल आधीच लावावा. लसीही माजापूर्वी पूर्ण कराव्यात, म्हणजे पहिल्या चिकातून पिल्लांना संरक्षण मिळते.

माज सुमारे तीन आठवडे चालतो आणि सगळी जबाबदारी या दिवसांत कसाला लागते. स्राव लाल असताना कुत्री नराला जवळ येऊ देत नाही. तो फिका होऊ लागतो तेव्हा ती शेपूट बाजूला करून उभी राहते, आणि जोडीचे खरे दिवस हेच. चालत्या बिऱ्हाडात तिला राखणे कठीण असते. साखळीला बांधलेली कुत्री तर कोणत्याही नरापुढे अगतिक असते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या बंद खोलीत तीन आठवडे ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ते न जमल्यास एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, आणि मग वहीतली नोंद निरर्थक ठरते. माळावर आणखी एक धोका असतो. पुण्याजवळच्या एका प्राण्याच्या जनुकीय तपासणीतून लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा २०२३ साली भारतात पहिल्यांदा जाहीर झाला. मोकळी सोडलेली कुत्री आपल्या वंशाबरोबरच लांडग्याच्या वंशालाही अशी बाधा आणते, आणि लस न दिलेल्या कुत्र्यांतला डिस्टेंपर व रेबीज लांडग्यांपर्यंत पोहोचतो.

गाभणकाळ सरासरी त्रेसष्ट दिवसांचा. पहिला महिनाभर आहार नेहमीचाच चालतो. शेवटच्या तीन आठवड्यांत तो हळूहळू वाढवावा, आणि दूध पाजताना तो दुप्पट-तिप्पटही लागतो. धनगरी कुत्रे ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर जगतात. काटक जनावराला एरवी ते निभावते, पण पोटात सहा-सात पिल्ले वाढत असताना निव्वळ भाकरी अपुरी पडते. त्या काळात उकडलेली अंडी, शिजवलेले मांस, दूध सोसत असल्यास दूध यांची जोड द्यावी. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र गाभणकाळात आपल्या मनाने देऊ नयेत. बाहेरून आयते कॅल्शियम मिळाल्याने शरीर ते हाडांतून सोडण्याची सवय विसरते, आणि व्याल्यानंतर दुधाचा जोर आला की कुत्रीला झटके येतात. मऊ, कोरडी, आडोशाची जागा तिला व्यायच्या आठवडाभर आधी दाखवून ठेवावी.

व्यायच्या आदल्या दिवशी तिच्या अंगाचे तापमान उतरून साडेसदतीस अंशांच्या खाली येते. ती खाणे सोडते, जमीन उकरते, धापा टाकते. मग कळा येतात आणि पहिले पिल्लू पातळ पिशवीत गुंडाळून बाहेर पडते. आई दातांनी पिशवी फाडते, नाळ तोडते आणि खरखरीत जिभेने पिल्लाला असे जोरात चाटते की ते ओरडते; हे ओरडणे म्हणजेच त्याचा श्वास सुरू होणे. आईने पिशवी फाडली नाही तर माणसाने बोटांनी ती नाकावरून काढून, कोरड्या फडक्याने पिल्लू चोळावे. दोन पिल्लांत अर्ध्या-एक तासाचे अंतर नेहमीचे. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू न येणे, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त खंड पडणे किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसणे, ही डॉक्टरांना तत्काळ बोलावण्याची लक्षणे आहेत. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक अशा वेळी हाताशी असावा. आत हात घालून ओढाओढ करणे किंवा कळांचे इंजेक्शन मनाने देणे यात आई आणि पिल्ले दोन्ही जातात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. डिसेंबरच्या रात्री उघड्या रानातली पिल्ले भुकेआधी थंडीने मरतात, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तरी पचत नाही. आधी ऊब, मग दूध. उन्हाळ्यात उलट, पत्र्याखाली ठेवलेली वेते उन्हाने भाजून निघतात. जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लाने चीक पिणे अत्यावश्यक असते. रोज साध्या काट्यावर वजन केले, तर वाढ न होणारे पिल्लू दुसऱ्याच दिवशी ओळखू येते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान उघडतात आणि पिल्लू डगमगत चालू लागते.

जंतांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण इथे कुत्र्याचे आरोग्य थेट कळपाच्या आणि घराच्या आरोग्याशी जोडलेले आहे. गोलजंत आईच्या पोटातच, आणि पुढे दुधातून, पिल्लात शिरतात. म्हणून पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, आईलाही सोबतच, जंताचे औषध द्यावे लागते. फीतकृमींचा मार्ग निराळा. मेंढी कापली की तिची आतडी, काळीज, फुप्फुसे कुत्र्यांपुढे कच्ची टाकली जातात. मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या पिशव्या असतील, तर त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावर येतात, आणि माणसाच्याही यकृतात तशाच पिशव्या तयार होतात. मेंढीच्या मेंदूत पिशवी करून तिला एकाच बाजूला गरगर फिरायला लावणारा रोगही याच कुळातल्या जंतांचा. त्यामुळे कच्ची आतडी-काळजे पुरून टाकणे आणि प्रौढ कुत्र्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने फीतकृमींवरचे प्राझिक्वॉन्टेल नियमित देणे, हे राखणीच्या कुत्र्याच्या पैदाशीतले सर्वांत महत्त्वाचे काम ठरते. गोलजंतांच्या नेहमीच्या गोळीने हे फीतकृमी जातीलच असे नाही.

सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात, कारण आईकडून आलेले संरक्षण ओसरेपर्यंत एकाच मात्रेवर भरवसा ठेवता येत नाही. तीन महिने झाल्यावर रेबीजची लस, आणि पुढे ती डॉक्टर सांगतील त्या मुदतीने चालू ठेवावी. सतत भटकणाऱ्या बिऱ्हाडाला या तारखा पाळणे अवघड जाते, म्हणून पिल्लाच्या वहीत पुढची तारीख लिहून ठेवणे उपयोगी पडते. वाटेतला कोणताही पशुवैद्यकीय दवाखाना मग पुढचा डोस देऊ शकतो.

राखणीचा गुण रक्तात असतो, पण तो कळपातच पक्का होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी १९७०च्या दशकात राखणदार कुत्र्यांवर दीर्घ काम सुरू केले. कोवळ्या वयात मेंढरांत वाढलेले पिल्लू त्यांनाच आपले कुटुंब मानते, हे त्यातून ठळकपणे दिसले. धनगरांना हे जुनेच माहीत आहे. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत पिल्लाची ओळख ज्यांच्याशी होते, ते त्याचे होतात. म्हणून कोकरांच्या वाड्यात, त्यांच्या वासात पिल्लू ठेवावे. कोकराचा कान ओढला तर लगेच बाजूला करावे, आणि घाबरट पिल्लावर म्हातारी, आडमुठी मेंढी सोडू नये. याच काळात पोरे, मोटारी, अनोळखी माणसे यांचीही सौम्य ओळख व्हावी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. २०१७च्या कुत्रापैदास नियमांनुसार विक्रीलाही हीच मर्यादा आहे, आणि धंदा म्हणून पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.

किती पिल्लांना घर आहे, हे जोडी लावण्याआधी विचारायचे. नर पिल्लांना गिऱ्हाईक असते. माद्या रस्त्यावर सोडल्या जातात आणि पुढच्या वर्षी त्याच मोकाट वेतांना जन्म देतात. प्रत्येक पिल्लाला कळप किंवा घर ठरलेले नसेल तर त्या वर्षी कुत्रीला लावू नये. पैदाशीसाठी न निवडलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्यावी. नसबंदी केलेला नर राखण सोडतो, हा समज खरा नाही. माजावरच्या कुत्रीमागे न पळाल्याने तो उलट वाड्याशी जास्त थांबतो. दिलेले पिल्लू जमले नाही, तर ते परत घेण्याची तयारी ठेवावी. कोणते पिल्लू कोणाच्या कळपावर गेले, हे लिहून दीड-दोन वर्षांनी त्या मेंढपाळाला गाठावे. कुत्रे वाड्यावर टिकते का, कोकरांशी कसे वागते, पाय आणि कातडी कशी आहे, ही विचारणा त्याच आईबापांची जोडी पुन्हा लावावी की नाही, हे ठरवते.